तग धरण्याविषयी

मा. अध्यक्ष, शहर पूर-आराखडा समिती यांस,


मंगळवारच्या बैठकीत आपण ‘रेझिलियन्स’चा अर्थ सांगितलात : तग धरणे. धन्य झाले. कृष्णाकाठच्या बायकांना हे कुणीतरी शिकवायलाच हवं होतं.

2021 च्या पुरात मी पाच दिवस शाळेतल्या निवारा केंद्रात होते. संडास पटांगणापलीकडे, दिवा नाही, आतली कडी तुटलेली. दुपारनंतर आम्ही पाणी पिणंच सोडलं. अंधार पडला की चौघी-पाचजणींनी मिळून जायचं. एकीने आत, एकीने दार ओढून धरायचं, बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. शेजारच्या सतरंजीवरची गरोदर सून नुसते ओठ ओले करायची. गावात छपराला टेकलेलं पाणी, आणि आम्ही तहानलेल्या! मदतीच्या पिशवीत दाढीचं रेझर निघालं, पॅड नाहीत. (दाढी केल्याने पूर लवकर ओसरत असावा.)

हेच सांगायला हात वर केला, तर आपण म्हणालात, “मॅडम, महिलांचा विषय शेवटी घेऊ.” निळ्या-लाल पूररेषांवर दीड तास गेला. शेवटी चहा आला.

स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे, म्हणून समितीत तीन नगरसेविका आहेत. खुर्च्यांवर तिघींचे नवरे होते. पुष्पगुच्छ द्यायला मात्र खरीखुरी बाई लागली.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही आपल्याच वळणाचा. मदतीचे किमान निकष सांगताना कलम 12 विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगतं. बाई आठवायला आधी नवरा जावा लागतो!

किती वेळ धरून ठेवायची, साहेब? लघवी म्हणतेय मी. आपल्या जाडजूड आराखड्यात हा शब्द कुठेच नाही. लिहायला लाज वाटत असेल तर मी लिहून देते.

2019 ला आपण तीन रात्री कमरेएवढ्या पाण्यात पंपाशी उभे होतात. आमच्या माळ्यावरून मी पाहत होते, विसरलेले नाही. त्याच तीन रात्री वहिनींनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईंना घेऊन गच्चीवर काढल्या. आईंचं सगळं तिथे कसं केलं, हे कधी विचारलंत? आज जेवताना विचारा. आणि पुढच्या बैठकीला मला नका बोलावू, त्यांना बोलवा.

आपली,
शाळेच्या खोली क्रमांक 4 मधली एक