हजार वॉटांची पोच

प्रति,
अमरावतीच्या बड्या शोरूममधले, गळ्यात बिल्ला आणि तोंडात 'काका' असलेले भाऊ,


विषय : आमच्या मोठेबाबांना नव्या टीव्हीसोबत आपण विकलेला रिसीव्हर.

भाऊ, २२ सप्टेंबर २०२५ला मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि दिवाळीत मोठेबाबांनी पंचावन्न इंची टीव्ही घेतला. वाचलेले पैसे म्हाताऱ्याच्या खिशात फार काळ राहू नयेत, ही काळजी आपण वाहिलीत. 'काका, टीव्ही एवढा मोठा घेतला, अन् आवाज काय डब्ब्यातून ऐकसान?' हा आपला प्रश्न रास्तच होता. टीव्ही इतके चपटे झालेत की त्यात स्पीकरला जागा उरली नाही; तो बिचारा खाली फरशीकडे नाही तर मागे भिंतीकडे तोंड करून पुटपुटतो. इथवर आपला काही गुन्हा नाही. गुन्हा पुढच्या मिनिटाला घडला, खोक्यावर बोट ठेवून आपण म्हणालात तेव्हा : 'हजार वॉट हाय काका. पूरं घर हालते!'

मोठेबाबांचं घर चांदूर रेल्वेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली तेव्हापासून त्या वस्तीतली घरं हलवण्याची सोय आगगाडीनेच करून ठेवलेली आहे. कोळशाची मालगाडी गेली की मांडणीवरचे पेले किणकिणतात. ज्याचं घर फुकट हलतं त्यालाच पैसे घेऊन घर हलवायचं यंत्र विकणं, याला कसब लागतं. मानलं तुम्हाला.

तर आता हजार वॉटांची पोच. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलंय : १४५ वॉट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनल चालू. म्हणजे सात भावांपैकी सहा जणांना झोपवून सातव्याला एकाच सुरात, घसा फाटेस्तोवर ओरडायला लावलं, तेव्हा कुठे १४५ भरले. त्याला आपण सातने गुणलंत. १०१५ आले. वरचे पंधरा आपण सोडून दिलेत, हा आपला प्रामाणिकपणा मी घरात सगळ्यांना मुद्दाम सांगितला. खालच्या ओळीत, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ अशा पुऱ्या पट्ट्यात, दोन चॅनल मिळून वाजताना प्रत्येकी ८० वॉट, असंही लिहिलंय. तो आकडा खरा, म्हणूनच तो खोक्यावर नाही.

मग मी यंत्र उलटं करून पाठीवरची पाटी वाचली. वीजवापर ४३० वॉट. भिंतीतून ४३० घ्यायचे आणि स्पीकरला हजार द्यायचे! भाऊ, हा शोध आपण महावितरणला कळवला का? शेतीपंपांना दिवसा वीज द्यायचा प्रश्न एका दुकानाच्या कोपऱ्यात सुटून पडलाय आणि सरकारला त्याचा पत्ता नाही. (पाटीवरचा आकडा नेहमीच्या वाजवण्यातला असतो, पुऱ्या ताकदीचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण मग खोक्यावरचा आकडा कोणाच्या घरातला असतो, तेही सांगा.) अमेरिकेत या वॉटांच्या थापांना कंटाळून तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ सालीच नियम केला, आणि २०२४ मध्ये तो पुन्हा घट्ट करावा लागला. तेव्हा आपण एकटे नाही आहात, आपली परंपरा मोठी आहे.

बरं, लागतात किती? बऱ्यापैकी स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८७-८८ डेसिबल आवाज मिळतो. बैठकीत बसून बातम्या ऐकायला वॉटाचा एखादा तुकडा पुरतो. ताकद दुप्पट केली की वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला 'जरासा वाढला' एवढंच कळतं. आपण विकलेल्या वॉटांपैकी बहुतेक वॉट खोक्यातून बाहेर पडलेच नाहीत, आणि त्यांना बोलवायची कुणाला गरजही पडली नाही.

रिसीव्हर टीव्हीशी जुळवायचा असतो तो भोकं पाहून. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची चार भोकं. त्यातल्या एकाशेजारीच 'ईएआरसी' असं बारीक अक्षरात छापलेलं. टीव्हीतला आवाज त्याच वायरीने उलटा रिसीव्हरकडे पाठवायची एआरसीची सोय २००९ पासून आहे, ईएआरसी ही तिची सुधारलेली आवृत्ती. आपल्या पोरांनी वायर पहिल्याच भोकात खुपसली, आवाज आला नाही, म्हणून ऑप्टिकल वायर लावून दिली आणि चहा पिऊन निघून गेली. ऑप्टिकलमधून ५.१ जातं, आपण ज्याची दहा मिनिटं आरती ओवाळली तो ॲटमॉस जात नाही. वर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर. म्हणजे दोनच चॅनल. सात चॅनलांचं यंत्र दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दोन चॅनलांवर जगलं, आणि मोठेबाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, 'ॲटमॉस हाय हे.'

ज्याच्या नावाचा हा ॲटमॉस, त्या डॉल्बीचं मात्र वाईट वाटतं. रे डॉल्बी हा माणूस १९६३ ते ६५ भारतात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने सल्लागार होता. इथून जाऊन त्याने लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. आपल्याकडे त्याचं नाव वरातीच्या ट्रकवर चढलं, उरलेलं आपण मोठेबाबांच्या बैठकीत बसवलंत.

छताकडे तोंड केलेले दोन स्पीकर आपण 'जोडीत स्वस्त' म्हणून गळ्यात मारलेत. त्यातला आवाज वर जाऊन सपाट छतावर आपटायचा आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर उतरायचा, अशी ती युक्ती. मोठेबाबांच्या बैठकीला कवेलू आहेत, भाऊ. उतरते, मधे फटी, खाली सागाच्या पाट्या. आवाज वर जातो तो परत येतच नाही. आढ्यावरची कबुतरं तेवढी खूश आहेत. 'छत कसं आहे काका?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर आपलं काय बिघडलं असतं?

रिसीव्हरच्या पोर्टांवरचं आठ-के मात्र मी विसरणार नाही. 'उद्याची सोय' म्हणालात. उद्या कोणाचा? आठ-के वाहिनी जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ला सुरू केली. त्यासाठी छतावरची डीटीएचची तबकडी टोकियोकडे वळवायची का? आणि 'नवं पोर्ट' म्हणजे खात्री, असंही नाही. २०२० साली नामांकित कंपन्यांच्या नव्या रिसीव्हरांमधली एचडीएमआय २.१ची चिप सदोष निघाली. काही गेमिंग यंत्रं ४-के, १२० हर्ट्झवर लावली की पडदा काळा. एका कंपनीने गिऱ्हाइकांना फुकट जोडडबी दिली, दुसरीने आतला सर्किट बोर्डच बदलून दिला. सोन्याच्या मुलाम्याच्या वायरीबद्दल तर बोलायलाच नको. डिजिटल सिग्नल एक तर नीट पोचतो नाही तर अडखळतो. सोन्याने त्याचा गळा गोड होत नाही.

मोठेबाबांना काय लागत होतं, ते सांगतो. पाचच चॅनलांचा, ईएआरसी असलेला साधा रिसीव्हर आणि मधला स्पीकर चांगला. सिनेमातली बहुतेक बोलणी त्या मधल्यातून येतात. आपण मधला सगळ्यात हलका दिलात, कारण धमक त्यात नसते, ठोक्याच्या डब्यात असते.

आणि आपल्या वऱ्हाडात मधल्या स्पीकरचा खरा वैरी कोण? कूलर. मार्चच्या शेवटी खिडकीत तो बसला की जूनपर्यंत घरात दोनच आवाज, कूलरचा आणि कूलर बंद करा म्हणणाऱ्याचा. मोठी आई परवा पडद्याकडे पाहत म्हणाली, 'काऊन हो, हा माणूस बोलून रायला का गिळून रायला?' मोठेबाबांनी आवाज वाढवला. माणूस ऐकू आला, तेवढ्यात सिनेमात स्फोट झाला आणि शेजारचे धावत आले.

खोक्याच्या तळाशी मला प्लास्टिकच्या पिशवीत एक चिमुकला माइक सापडला. सील न फोडलेला. तो सोफ्यावर, कानाच्या उंचीला ठेवला की यंत्र स्वतःच खोली मोजतं आणि प्रत्येक स्पीकरचा आवाज, अंतर जुळवून घेतं. आपल्या पोरांनी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. मी लावला, तर पडद्यावर सूचना आली : खोलीत गोंगाट फार आहे. यंत्राला पाच सेकंदांत कळलं ते आपल्याला विकताना कळलं नाही! कूलर बंद करून, घाम गाळत मोजणी केली, वायर ईएआरसीच्या भोकात घातली, 'पीसीएम'चं 'पास थ्रू' केलं, मधला स्पीकर चार डेसिबल वर नेला आणि स्फोट दाबणारा रात्रीचा मोड लावला. आता माणूस बोलतो, गिळत नाही. कबुतरांचे दोन स्पीकर काढून ठेवलेत, हवे असतील तर घेऊन जा.

यंत्र आपल्या पोरांनी काचेच्या शोकेसमध्ये कोंबून, वर क्रोशाचा रुमाल अंथरून दिलं होतं. पुस्तिकेत वर आणि बाजूंना मोकळी जागा सोडा असं लिहिलंय. बाहेर पंचेचाळीस अंश, आत ॲम्प्लिफायर. दुपारच्या सिनेमात ते आपोआप बंद पडायचं आणि मोठेबाबांना वाटायचं, मध्यंतर झालं. रुमाल काढला. मोठी आई त्यावरून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तो हिशेब वेगळा.

आणखी एक. मोठेबाबांना आपल्या दुकानातूनच फ्रीज घ्यायचा आहे. आपण चहा पाजला होता, तो ते विसरले नाहीत. शनिवारी येतील. या खेपेला सोबत मोठी आई आहे. खोक्यावर काय काय लिहिलंय ते आधी स्वतः वाचून ठेवा, कारण ती चष्मा घेऊन येणार आहे आणि तिला घाई अजिबात नसते.

कळावे,
मोठेबाबांचा पुतण्या,
चांदूर रेल्वे