धातुकाका

अंबरनाथला पूर्वेला शिलाहारांचं शिवमंदिर आहे आणि पश्चिमेला धातुकाका. मंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०च्या सुमाराचा. तो वाचायला जाणकार लागतो. धातुकाकांचं तसं नाही. तुम्ही नुसते समोरून गेलात तरी ते स्वतःहून वाचून दाखवतात.

हे नाव त्यांना कॉलनीने दिलं. उभी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत, भट्टीपाशी गेली. निवृत्तीनंतर धातू सुटला नाही, फक्त व्याकरणातला झाला. "आधी वितळवायचे, आता चघळतात," इतकंच काकूंचं म्हणणं.

शर्टाच्या खिशात निळं पेन संस्कृतसाठी, लाल पेन रशियनसाठी. इंग्रजीला मात्र शिसपेन्सिल. "उसनवारीची भाषा आहे, कधी काय परत मागतील सांगता येत नाही. खोडता आलं पाहिजे." रशियन कशी आली? तरुणपणी फोर्टातल्या पीपल्स बुक हाउसमधून ते सोव्हिएत पुस्तकं आणायचे. जाड पुठ्ठा, पांढराशुभ्र कागद, आणि किंमत वडापावच्या हिशेबात. "एवढं स्वस्त मिळतंय तर वाचायलाही हवं, म्हणून भाषा शिकलो."

एकदा सकाळी घाईघाईत मी त्यांच्या दारावरून जाताना "जातो काका" म्हणालो. नवीन होतो.

"कसा?"

"आहे मजेत."

"प्रकृती नाही विचारली. पायी जातोस की वाहनाने?"

"नाक्यापासून रिक्षा, पुढे लोकल."

"मग 'येखत्'. पायी असतास तर 'इत्ती'. बरं, आत्ता जातोयस, की रोज जाऊन येतोस?"

"रोजच."

"मग 'येज्दित्'. आणि रोज पायी असतं तर 'खोदीत्'. बघ, साहेबाचं एक 'गो', रशियनमध्ये त्याचे चार वाटे. साहेब 'गो' म्हणतो आणि सुटतो. रशियन माणसाला कशाने, कितीदा, नुसतं जाणार की परत येणार, सगळा जबाब द्यावा लागतो."

जबाब मी देत होतो, तेवढ्यात माझी लोकल गेली. दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, तर काकांना भलताच आनंद. "लोकल गेली ना? ती पायी गेली! रशियनमध्ये आगगाडीला 'इत्ती'च लावतात. आत बसलेला वाहनाने जातो, गाडी मात्र चालत." गर्दीच्या वेळी दारात लटकणाऱ्याला हे व्याकरण पटवून द्यावं लागत नाही.

स्टँडवरचे रिक्षावाले तेवढे तयारीत असतात. काका दिसले की लांबूनच ओरडतात, "काका, येखत् का?"

खरे काका बघायचे ते रविवारी, विमको नाक्यावरच्या टपरीवर. समोर तीन कटिंग. एक त्यांचं, एक माझं आणि एक उदाहरणासाठी.

"हा ग्लास मराठी. जातो, पण काल? गेलो. 'जा'चा 'गे'शी काही संबंध? काही नाही. 'जा' आला संस्कृत 'या'वरून, 'गेला' आला 'गत'वरून. हा दुसरा ग्लास इंग्रजी. गो, पण काल? वेंट. ते 'वेंड'चं, म्हणजे वळण्याचं रूप. 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ वेगळाच होता. पंधराव्या शतकाच्या आसपास त्याला हुसकावून 'वेंट' येऊन बसलं ते बसलंच. आणि हा तिसरा रशियन. 'इदू' म्हणजे जातो, 'शोल' म्हणजे गेला. पुन्हा घर वेगळं! तीन भाषा, एकमेकींना न विचारता, तिघींनी भूतकाळ शेजारून आणला. का?"

"का?"

"जो जातो तो आणि जो गेला तो, एकच माणूस आहे असं भाषेला वाटतच नाही."

"काका, मराठीवर साय धरली," टपरीवाला म्हणाला. काकांनी मराठी पिऊन टाकली.

त्यांचा सगळ्यात लाडका पुरावा मात्र रशियन 'येखत्'. संस्कृत 'या' आणि हे 'येखत्' एकाच मुळाचे. म्हणजे आपलं 'जाणे' त्याचं भावंड. 'यान'सुद्धा 'या'चंच. "१२ एप्रिल १९६१. गागारिन व्होस्टोक यानात बसला, खालून आग लागली आणि तो काय म्हणाला? 'पायेखली!' म्हणजे चला, निघालो. कशात बसून? यानात. क्रियापद आणि वाहन एकाच धातूचं!" हे सांगताना ते उभे राहतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने टपरीवर उभं राहून 'पायेखली' म्हटलं की दोन-तीन रिक्षा आपोआप सुरू होतात.

एकदाच ते अडचणीत आले. कॉलनीतले एक आजोबा वारले. भेटायला गेलेलो असताना कोणीतरी हळूच म्हणालं, "शांतपणे गेले." काकांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. काकूंनी कोपर मारलं, पण उशीर झाला होता. "हे जे 'गेले' आहे ना," काका खालच्या आवाजात म्हणाले, "ते 'गम्'चं. इंग्रजी 'कम'सुद्धा त्याच मुळाचं. आपण इथे गेले म्हणतो, तिकडे तोच शब्द आले म्हणतो." खोली गप्प. काकू त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर घेऊन आल्या. तेराव्याला त्याच घरातून नातू आला. "आजी विचारतेय, त्या दिवशी काका काय बोलले ते कागदावर लिहून देता का?" काकांनी निळ्या पेनाने लिहून दिलं. इंग्रजी शब्दही त्या दिवशी पेन्सिलीने लिहिला नाही.

परवा काका-काकू मुलीकडे पुण्याला निघाले. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तीन-चार महिने तरी मुक्काम. रिक्षा दारात. आम्ही सगळे वेळ काढून उभे होतो. 'जातो'वर व्याख्यान होणार हे गृहीतच होतं. काका रिक्षात बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि नुसतं म्हणाले, "येतो रे."

मलाच राहवलं नाही. "काका, पायी की वाहनाने?"

काकांनी रिक्षावाल्याला थांबवलं. डोळ्यांत तीच भट्टी पेटली. "'येतो'मध्ये धातू कुठला? 'इ'. रशियन 'इत्ती'चा सख्खा. म्हणजे?"

"म्हणजे पायी."

"मग वेळ लागणार ना," काका गुडघ्यावर हात ठेवत म्हणाले, आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली, "पायेखली!"