मानोऱ्याच्या डोंगरात पायी कसं हिंडावं : नवशिक्यांसाठी

सह्याद्रीत दोन-चार किल्ले केलेल्यांनी मानोऱ्याला येताना आपल्या सवयी वाशीमच्या स्टँडवरच ठेवून याव्यात. इथे दगडांवर रंगवलेले बाण नाहीत, रेलिंग नाही, चढ संपल्यावर कांदाभजी नाहीत. अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे विरत गेलेले फाटे, त्यांवर सागाचं पानझडी जंगल, खाली तूर, सोयाबीन, कपाशी आणि मधून वाट काढणारी अरुणावती, एवढंच भांडवल. डोंगरही असे भिडस्त, की आपण चढलो हे वर पोचल्यावर कळतं.

तयारी बुटांपासून नव्हे, उत्तरापासून सुरू करावी. गावाबाहेर पडताच पहिला भेटणारा माणूस विचारणार, “कुठी जाऊन राह्यले भाऊ?” यावर “सहजच, फिरायला” असं म्हणणारा तिथेच नापास होतो. या मुलखात सहज कोणी पायी फिरत नाही. गाय चुकली, मोह वेचायचा आहे, तेंदूपत्ता तोडायचा आहे, विहिरीवरची मोटर बंद पडली, ही कारणं चालतात. कारण नसलेला आणि पाठीवर पिशवी असलेला माणूस हा मोजणीवाला असतो, असं लोक धरून चालतात. मग तो गृहस्थ तुम्हाला हाताला धरून आपला धुरा दाखवायला नेतो, चुलतभावानं तो किती कोरला हे सांगतो, आणि सकाळचा सगळा गारवा त्या धुऱ्यावर संपतो.

नवशिक्यानं “पोहरादेवीला” म्हणावं. हे उत्तर तालुकाभर चालतं. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, रामनवमीला मोठी यात्रा भरते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही आहे. तांड्यातून जाताना “जय सेवालाल” म्हणावं, म्हणजे पाणी न मागता मिळतं.

चालण्याबद्दल सल्ला घ्यायचाच तर तो तांड्यातच घ्यावा. यांचे पूर्वज हे या देशातले खरे धंदेवाईक पदयात्री. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते बाजारपेठा आणि लष्करी छावण्या जोडत. पक्क्या सडका झाल्या, आगगाडी आली, आणि एकोणिसाव्या शतकात तो व्यापार बसला. तांडे डोंगरांच्या कडेला थांबले ते थांबलेच. त्यांचा आजचा नातू मात्र तुम्हाला पायी बघून मोटरसायकल थांबवेल. “काहून पायी? बसा ना.” नकार दिला तर त्याला वाईट वाटतं आणि बसलात तर तुमचं गिर्यारोहण बुडतं. अशा वेळी “शुगर आहे, डॉक्टरनं चालायला सांगितलं” एवढंच म्हणावं. शुगर नसली तरी हरकत नाही. या कारणापुढे कोणीच आग्रह करत नाही.

आता प्रत्यक्ष वाट. सुरुवातीची वाट म्हणजे पांदण. नकाशावर ती बैलगाडी जाईल एवढी रुंद असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी एकेक तास जास्त मारून तिची कंबर इतकी बारीक केलेली असते, की समोरून बैल आला तर दोघांपैकी एकानं तुरीत उतरावं लागतं. तुम्ही उतरा. पावसाळ्यात पांदणीचा नाद पूर्ण सोडावा. काळी माती बुटाला धरते, त्या मातीला पुढची माती धरते, आणि शंभर पावलांत तुम्ही वीतभर उंच होता. गावकरी अशा वेळी चपला काढून हातात घेतात. तुमच्या महागड्या बुटांना ही सोय नाही.

पांदण संपली की गुराखी वाट लागते. ती एक नसते, वीस असतात, आणि सगळ्या बरोबर असतात, कारण गुरांना कुठेच पोचायचं नसतं. अंतर विचारू नये. विचारलंच तर उत्तराचा अर्थ लावायला शिकावं. “हे काय, इथंच” म्हणजे तासभर. “दिसून राह्यलं ना” म्हणजे मध्ये नाला आहे. “लय दूर हाय” याचा अंतराशी संबंध नाही. तुम्ही जाऊ नये, असं त्या माणसाचं मत आहे.

ऋतू कोणता निवडावा? पावसाळ्यानंतर कुसळं मोज्यात घुसतात आणि खाजकुहिली मानेवर. पळस फुलतो तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोंगर देखणा होतो, पण नेमकं तेव्हाच सागानं अंगावरचं सगळं उतरवलेलं असतं. सावलीची खरी गरज लागते त्या दिवसांत सावली न देणं, हा या झाडाचा स्वभावच आहे. खाली पडलेली वाळकी पानं इतकी वाजतात, की तुमच्या येण्याची खबर पलीकडच्या उतारावरच्या रोह्यांपर्यंत आधी जाते. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असतो. या दिवसांत विडी, चूल, शेकोटी काहीही नको. यात विनोद नाही. मोहाच्या झाडाखाली पानं जाळून जागा साफ करण्याच्या एका ठिणगीनंही डोंगर जातो.

शेताभोवतीच्या तारेला हात लावू नये. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी झटका मशीन लावलेलं असतं, आणि काही ठिकाणी कायद्याला न विचारता थेट वीज सोडलेली असते. तुम्ही डुक्कर नाही, हे तारेला कळत नाही.

ज्यांना खरोखरच दूरवर चालायचं आहे त्यांनी शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाचा आदर्श ठेवावा. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. जूनमध्ये तो निघाला, आणि शेतं, ओढे, हमरस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीच चालत, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या वर. नाव पडलं ‘वॉकर’. वाटेत त्याला कोणी “कुठी जाऊन राह्यले” विचारलं नाही, ही त्याची मोठी सोय. हिंगोली जिल्ह्यात तो झुडपात पडून होता, तिथे काही लोक शिरले आणि एकजण जखमी झाला. त्यावरून धडा : झुडपात डोकावू नये. आत काय आहे ते बाहेरून अंदाजानंच ठरवावं.

शिदोरीत बेसन-भाकर आणि ठेचा असावा, कांदा बुक्कीनं फोडावा. ऊर्जा देणाऱ्या वड्या आणल्या असतील तर गुराख्याला द्या. तो चाखून त्या परत करेल.

संध्याकाळी परतताना मात्र मोटरसायकलला नाही म्हणू नका. शुगर सकाळीच कमी झाली, असं सांगा. तिघं असाल तर मधली जागा धरा, कारण मागच्याच्या मांडीवर कडब्याची पेंढी येते.