आप्पांना सगळं कळतं

पाव किलो साखर, अर्धा किलो रवा आणि चहाची पुडी एवढं एका दमात मागितलं की आप्पा तराजूला हात लावण्याआधीच विचारायचे, "मुंबईचं कोण आलंय रे?" आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस गिरणीत. पाहुणा एस्टीतून उतरून घरी पोचायच्या आत त्याची बातमी दुकानात पोचलेली असे, आणि ती पोचवणारा मीच असे.

किराणा मागताना आपण घरातलं काय काय उघडं पाडतो, हे त्या वयात कुठलं कळायला? ओवा मागितला की "कुणाचं पोट दुखतंय?" डिंक आणि खारीक मागितली की आप्पा चष्म्यावरून बघत आणि "मुलगा की मुलगी?" असं थेट विचारत. कंदिलाची काच मागितली की "आज कुणी फोडली?" हा प्रश्न मात्र ते उगाच विचारत. उत्तर समोरच उभं असे.

सामान बांधताना आप्पांचे हात बघावेत. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन, त्याला एक पीळ की शंकू तयार, त्यात शंभर ग्रॅम मोहरी. आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा दोनदा गुंडाळायचा आणि बोटाला हिसका देऊन तोडायचा. या सगळ्यात त्यांचं तोंड एकदाही थांबत नसे. एका पुडीच्या कागदावर खुनाच्या बातमीचा पूर्वार्ध मिळाला, तर उत्तरार्धासाठी मी आईला उगाच मोहरी संपल्याचं सांगे.

आजीचा कारभार वेगळा. मेट्रिक वजनं 1958 पासून देशात येऊ लागली, हे आजीला कुणी कळवलं नसावं. ती सांगे, "चिपटंभर डाळ आण." दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब मी रस्ताभर घोकत जाई. आप्पा डोळे मिटून किलोत तोलत. आजीला ते माप नेहमी कमीच वाटे, पण तो दोष ती सरकारचा मानी.

दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती. ती रंगवणाऱ्या पेंटरचं खातं आप्पांच्या लाल वहीत सगळ्यात जाड होतं. पुढे 1982च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या संपावर गेल्या. अडीच लाख कामगार, असं पेपरात छापून येई. त्यातले आमच्या गावात किती परतले, ते आप्पांच्या वहीत दिसे. गोडेतेलाच्या बाटल्या आखूड झाल्या, चहात गूळ आला. त्या वर्षी आप्पांनी पाटीसमोर विकायच्या केरसुण्या टांगल्या. केरसुण्या काही फारशा खपल्या नाहीत.

ताईला बघायला येणार होते तेव्हा आईनं मला बजावलं, "एक किलो पोहे आण. विचारलं तर सांग, शाळेत कार्यक्रम आहे." आप्पांनी पोहे तोलले. मग म्हणाले, "शेंगदाणे?" मी हो म्हटलं. "खोबरं?" तेही हो. "आणि शाळेच्या कार्यक्रमाला मुलगा काय करतो?"

मी गावाचं नाव सांगून टाकलं. आप्पांनी पुडीचा दोरा तोडला आणि म्हणाले, "तिथला वाणी आमचा साडू. पोहे ने. पण बाबांना म्हणावं, घाई करू नका."

आई भडकली. "वाण्याच्या सांगण्यावरून काय स्थळं ठरवायची?"

बाबा काही बोलले नाहीत. आयुष्यात कधी बिडी न ओढलेला तो माणूस संध्याकाळी "जरा बिडीबंडल घेऊन येतो" म्हणत टोपी घालून निघाला तो चांगला दीड तासानं परतला. बंडल आणायचं विसरला होता.