गरम सीट बसवणाऱ्या काकांना खुले पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दहा दिवस आपला फोन लागत नाही, निरोपालाही उत्तर नाही. विनिपेगमधली मराठी माणसं एकमेकांना धरून आहेत. कुणाच्या तरी हातून हे पत्र आपल्यापर्यंत पोचेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी आभार. गाडी विकताना ‘उणे तीसमध्येही पाठ शेकून निघेल’ असा शब्द आपण दिला होता, तो पाळलात. मोठ्या गाडीच्या चामडी सीटा भंगारातून निवडून आणल्यात आणि या लहान गाडीत अशा बसवल्यात की एक बोल्ट हलत नाही. ते काम सुबक आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही.

सीटखालचं काम मला जानेवारीतल्या एका सकाळी कळलं. गाडी सुरूच होईना. चावी काढली तरी जिवंत राहते अशा वायरवरून आपण सीटांना वीज दिली होती. पूर्ण तापलेली एक सीट चार-पाच अँपिअर खाते. रात्री बटण चालू राहिलं, सकाळपर्यंत बॅटरी संपली. हा हिशेब आपल्यामुळे शिकलो, त्याबद्दल आपला ऋणी आहे.

मेकॅनिकने सीट उचलली तेव्हा आणखी शिकलो. फ्यूज सारखा उडत होता म्हणून आपण त्या जागी ३० अँपिअरचा घातलात. काका, फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. आपण ओढलेली वायर स्पीकरच्या वायरइतकी बारीक, म्हणजे आता फ्यूजच्या आधी तीच जळणार. जळत होतीच. तिचं प्लास्टिक वितळून खालच्या कार्पेटला चिकटलं होतं. माझी सहा वर्षांची मुलगी मागे बसते आणि नेमके तिथे बूट टेकवते.

पिवळ्या कनेक्टरबद्दल मात्र आभार मानता येत नाहीत. सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिच्या जोडणीला पिवळा रंग देतात तो कुणी सहज हात लावू नये म्हणून. दुसऱ्या गाडीची एअरबॅग या गाडीला जुळेना, डॅशबोर्डवर दिवा लागून राहिला. आपण कनेक्टर कापलात आणि दोन-तीन ओहमचा रेझिस्टर डकवलात. एअरबॅग जोडलेली आहे असं गाडीला वाटलं, दिवा विझला. मी गाडी बघायला आलो तेव्हा डॅशबोर्ड स्वच्छ होता, आणि आपण मला चहा पाजलात.

१९६६ च्या कॅडिलॅकमध्येही गरम सीट होती, त्यात अवघड ते काय, असं आपण त्या चहावर म्हणाला होतात. अवघड ते हे: गादीत एक बारीकसा सेन्सर असतो, तो किती तापलं ते सांगतो आणि कंट्रोलर वीज तोडतो. सीट आपण आणलीत, कंट्रोलर त्या भंगारातच राहिला. सेन्सरच्या दोन तारा टेप गुंडाळून नुसत्या सोडलेल्या सापडल्या.

माझे बाबा डिसेंबरात साताऱ्याहून आले. मधुमेह पंचवीस वर्षांचा, कमरेखाली चटका लागलेला कळत नाही. केनोरापर्यंतचे दोनशे किलोमीटर ते आपल्या सीटवर बसले. ‘छान ऊब आहे रे,’ म्हणाले. घरी आल्यावर आईला मांडीवर फोड दिसले. कातडी ४४ अंशांवरही काही तासांत भाजते, असं डॉक्टर म्हणाले. या गादीला तर थांबायचंच माहीत नव्हतं. जखम महिनाभर भरली नाही. बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि आपल्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. तो मीही काढत नाही.

गाडीचे पैसे परत मागत नाही. सीटा मी उतरवल्या आहेत.

हात जोडून एकच मागतो. धाकट्या चिरंजीवांच्या गाडीतही अशाच सीटा स्वतः बसवून दिल्याचं आपण त्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. त्यांच्या घरी तान्हं बाळ आहे. आज रात्री त्या सीटांचा फ्यूज काढायला लावा, आणि पिवळी वायर कापली असेल तर तेही सांगा. मला फोन केला नाहीत तरी चालेल, त्यांना करा.

कळावे.

आपला,
गाडीचा नवा मालक