खडीची चंद्रकळा

वाढदिवसाला भाच्याने दगड दिला. "मावशी, तुला शोभेल असा मुद्दाम शोधून आणलाय," म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला बरंच मागाहून कळलं.

मखमली डबीत बसलेला, अंड्याच्या आकाराचा. रंग सायीचा, अंगभर काळे ठिपके, आणि पॉलिश इतकं की त्यात माझा चष्मा दिसावा. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होतं, 'डाल्मेशियन जास्पर'. म्हणजे ठिपक्यांचा तो सुप्रसिद्ध कुत्रा.

सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "चातुर्मासात अंडं कोणी आणलं घरात?" दगड आहे म्हटल्यावर चेहरा निवळला. त्यांनी तो हातात घेऊन जोखला आणि दुसरा प्रश्न टाकला, "कुठल्या नदीचा?"

भाचा हसला. मला मात्र हसू आलं नाही. आमच्या देव्हाऱ्यात पंचायतन आहे: नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोणेचा तांबडा गणपती, सुवर्णमुखीची देवी आणि सूर्याच्या जागी स्फटिक. खनिजं जमवणारे लोक प्रत्येक नमुन्याखाली तो कुठे सापडला ते लिहून ठेवतात, आणि ठिकाण माहीत नसेल तर नमुन्याची किंमत उतरते. सासूबाईंचा नियम तोच, फक्त कपाटाऐवजी चांदीचं ताम्हन. त्यातला शाळिग्राम तर दगड झालेल्या समुद्री जिवाचा ठसा. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "मग? मत्स्य, कूर्म झालेच की."

डाल्मेशियन निघाला मेक्सिकोतल्या चिहुआहुआचा. नदी नाही, सबब देव्हारा नाही. तो टीव्हीखाली बसला.

पुढे वाचताना कळलं की तो जास्परही नाही. जास्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा क्वार्ट्झ. हा अग्निजन्य खडक. पांढरा भाग फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचा, काळे ठिपके आर्फव्हेडसोनाइट नावाच्या खनिजाचे. थोडक्यात, आडनाव इनामदार आणि सातबाऱ्यावर गुंठाही नाही. पण जुईनगरला राहणाऱ्या माणसाने नावांवरून कोणाला बोलू नये. इथे येऊन मला सोळा वर्षं झाली. लोकल दिसतात, हार्बरच्या आणि ठाण्याच्याही. जुईचा वेल अजून शोधतेच आहे.

गणपती होऊन गेले आणि पावसाने उखडलेली वाट बुजवायला सोसायटीच्या गेटपाशी डबर आणि खडीचा ढीग पडला. भाजी घेऊन येताना त्यात एक मुठीएवढा दगड दिसला. काळा, आणि त्यावर पांढरे ठिपके. आमच्या डाल्मेशियनचा निगेटिव्हच. मला आठवली ती आईची संक्रांतीची काळी साडी, खडीची चंद्रकळा. इथे तर खडी शब्दशः होती. मी इकडे-तिकडे पाहिलं आणि दगड मेथीखाली घातला. वॉचमन बघत होता. त्या दिवसापासून तो मला जरा जास्तच अदबीने नमस्कार करतो.

हे ठिपके म्हणजे बुडबुडे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा वाहत होता, थरावर थर. त्यातला वायू वर येता येता वरचा थर थिजला आणि वायू आत अडकला, पोकळ्या राहिल्या. मग खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं आणून भरली. लाव्हा वाहता असताना काही बुडबुडे लांबट झाले, बदामासारखे; म्हणून भूशास्त्रज्ञ या खडकाला ग्रीक बदामावरून 'अमिग्डलॉइडल' म्हणतात. माझ्या माहेरी, सिन्नरकडे, विहीर खणणाऱ्यांनी हे नाव कधी ऐकलं नसेल. ते म्हणायचे 'मांजऱ्या'. मांजऱ्या लागला की वडिलांचा चेहरा खुलायचा, कारण हा खडक कुजून पोकळ होतो आणि पाणी धरतो. म्हणजे मेक्सिकोवाल्यांचा ठिपक्यांचा दगड कुत्र्याच्या नावाचा आणि आमचा मांजराच्या. एका घरात नांदतील की नाही, ही शंका तेव्हाच यायला हवी होती.

पांढरी खनिजं बहुधा झिओलाइटच्या घराण्यातली. हे नाव 1756 मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश माणसाने दिलं. दगड तापवला तर आतलं पाणी उकळून फसफसलं, म्हणून 'उकळणारा दगड'. पोकळी मोठी असेल तर आत स्फटिकांचे गुच्छ वाढतात. सिन्नरला त्यांचं 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालय आहे, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतल्या निळ्या कॅव्हन्साइटसाठी परदेशातले संग्राहक जीव टाकतात. आपण क्रशर लावतो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या डोंगरातल्या खाणींमधून निघालेला किती चंद्रकळांचा संसार आपल्या स्लॅबमध्ये गेला, देव जाणे. तक्रार नाही, त्या स्लॅबखालीच मी झोपते.

तर या दगडाला पॉलिश करायचं ठरवलं. हार्डवेअरवाल्याकडे वॉटरपेपर मागितला: 80, 220, 400, 1000 नंबर. "गाडीला की भिंतीला?" "दगडाला." त्याने कागद मुकाट्याने गुंडाळून दिले. नऊ दिवस मी बादलीशी पाट मांडून घासत होते. माझं नवरात्र आधी बसलं असं आमच्या ह्यांचं म्हणणं. दहाव्या दिवशी काळा भाग छान चमकू लागला आणि पांढरा भाग नाहीसा झाला. काळा दगड कठीण, आतले ठिपके नखाने नाही तरी चाकूने ओरखडतील इतके मऊ. कागदाने आधी त्यांनाच खाल्लं. डाल्मेशियनचे ठिपके आणि अंग दोन्ही कठीण, म्हणून तो सगळीकडून सारखा उजळतो. माझा दगड देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा दिसत होता.

सासूबाई इतके दिवस गप्प होत्या. आता म्हणाल्या, "आम्ही टाकीवालीला पैसे द्यायचो, पाटा खरबरीत करायला. तू फुकट गुळगुळीत करतेस."

खरंच होतं. पाटाही याच काळ्या दगडाचा. रोज वाटून वाटून त्याला जी झिलई चढते तिच्यासाठी संग्राहक पैसे मोजतील. पण अशा पाट्यावरून चटणी नुसती घसरते. मग टाकीवाली छिन्नी-हातोडीने त्याला बारीक खड्डे पाडून द्यायची. एवढा उजळलेला दगड पैसे देऊन बिघडवणारे आपणच असू.

सासूबाईंनी माझा दगड अंगठ्याने चाचपला, धुतला आणि स्वयंपाकघरात नेला. तेव्हापासून लसूण त्याच्याने ठेचला जातो. "घसरत नाही अजिबात," त्या शेजारणीला सांगत होत्या. "भोकं पाडून घेतलीत."

दिवाळीत भाचा आला. टीव्हीखालच्या डाल्मेशियनवर धूळ बसली होती, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. ओट्यावरचा दगड त्याने उचलला, फिरवून पाहिला, वास घेतला. "मावशी, हा कुठून आणलास? जबरदस्त आहे."

"गेटपाशी ढीग होता," सासूबाई म्हणाल्या. "जाताना दोन घेऊन जा."

तो उत्साहाने खाली गेला. पण ढीग एव्हाना खड्ड्यात गेला होता.