आधी दुभाषी, मग हारतुरे

सप्टेंबर २०२३. दिल्ली उच्च न्यायालय. ‘पठाण’ हा सिनेमा ऐकू न येणाऱ्यांना आणि न दिसणाऱ्यांनाही समजून घेता यावा, यासाठीच्या याचिकेची सुनावणी होती. त्यात उभ्या होत्या ॲडव्होकेट सौदामिनी पेठे. नवव्या वर्षी मेंदूज्वरानं त्यांची श्रवणशक्ती गेली. त्या दिवशी त्यांच्यासाठी कोर्टात सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी होते. दोन का? एक थकला की दुसरा पुढे होतो. बोलणं ऐकत ऐकत हातांनी मांडणं हे फार दमवणारं काम आहे, ते एकट्यानं फार वेळ झेपत नाही.

त्याच महिन्यात बंगळुरूच्या कर्णबधिर ॲडव्होकेट सारा सनी सर्वोच्च न्यायालयासमोर आल्या. सुनावणी ऑनलाइन, पडद्यावरची. दुभाष्याला पडद्यावर जागा मिळायला सुरुवातीला अडचण आली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली आणि काम सुरू झालं. पुढच्या महिन्यात न्यायालयानं स्वतःच त्यांच्यासाठी दुभाषी नेमला.

आता नीट बघा. या दोघींचा कायद्याचा अभ्यास आधीच झालेला होता. सनद हातात होती. मुद्दे तयार होते. उणीव होती ती दुभाष्याची आणि पडद्यावरच्या एका चौकोनाची. ती भरून निघाली त्या दिवशी बातमी झाली.

आपण मात्र ती बातमी भलत्याच पद्धतीनं सांगतो. कर्णबधिर बाईनं काही करून दाखवलं की चमत्कार, दैव, जिद्द असे शब्द धावून येतात. जिद्द आहेच, तिला सलाम. पण सगळं श्रेय जिद्दीला देऊन टाकलं की बाकीचे सुटतात. शाळा सुटते, कार्यालय सुटतं, कोर्ट सुटतं, घरही सुटतं. जिला जमलं नाही तिची जिद्द कमी पडली, असा हिशेब होतो. हा हिशेब खोटा आहे.

तो कसा खोटा, हे पाहायला टोकियोला जाऊन या. नोव्हेंबर २०२५, डेफलिम्पिक्स. १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली, कर्णबधिर खेळाडूंची ही जागतिक स्पर्धा. महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलमध्ये सुवर्ण अनुया प्रसादला, रौप्य प्रांजली धुमाळला. पहिल्या दोन्ही जागा आपल्या मुलींच्या. या स्पर्धेचे नियम वाचण्यासारखे आहेत. बऱ्या कानानंही ५५ डेसिबलपेक्षा हळू आवाज ऐकू येत नसेल, तरच प्रवेश. खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवायचं, म्हणजे सगळ्या एका पातळीवर. धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीचा इशारा दिव्यानं दिला जातो. व्यवस्था बदलली की उरतं फक्त कौशल्य, आणि तिथे या मुली जगाला मागे टाकतात.

शंभर वर्षं मागे गेलात तरी हेच दिसेल. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी लाखो ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा क्रम आजही खगोलशास्त्राचा पाया आहे. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्यांच्याच सहकारी हेन्रिएटा लेव्हिट यांचीही श्रवणशक्ती गेलेली. ज्यांचा प्रकाश ठरावीक काळानं कमी-जास्त होतो अशा ताऱ्यांवरून अंतर मोजायला आधार देणारं सूत्र त्यांनी १९१२ मध्ये मांडलं. आपल्या आकाशगंगेबाहेरही आकाशगंगा आहेत हे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी सिद्ध केलं ते याच सूत्राच्या आधारानं. काम ताऱ्यांची छायाचित्रं असलेल्या काचेच्या तबकड्या डोळ्यांनी तपासण्याचं होतं. त्यांना ते दिलं गेलं, त्यांनी विश्व मोजलं.

आता या छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात. इथे जिल्हा परिषद आहे. अशाच एका, नागपूरच्या जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सौम्या शर्मा यांनी काम केलं. सोळाव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. श्रवणयंत्र लावून त्या कायदा शिकल्या, २०१७ च्या नागरी सेवा परीक्षेत देशात नवव्या आल्या आणि महाराष्ट्राच्या प्रशासनात रुजू झाल्या. म्हणजे जिल्हा परिषदेची सर्वोच्च प्रशासकीय खुर्ची ऐकू न येणारी बाई चालवू शकते, हे याच राज्यात सिद्ध झालं आहे. सौम्या शर्मा यंत्राच्या मदतीनं ऐकतात आणि बोलतात, सौदामिनी पेठे हातांनी बोलतात. दोघींची गरज वेगळी, म्हणून सोयही वेगळी लागते. सगळ्यांना एकच यंत्र वाटून जबाबदारी संपत नाही.

मग प्रश्न असा : खुर्चीवर बसू शकणारी बाई त्याच इमारतीच्या खिडकीशी आली, तर तिचं काम होतं का? गावाहून आलेली, लिहिता-वाचता जेमतेम येणारी, खुणांनी बोलणारी बाई. निराधार योजनेची चौकशी, घरकुलाची यादी, मुलाच्या शाळेचा दाखला. सोबत दीर किंवा भाऊ असला तर तो बोलतो. ती काय म्हणत होती आणि त्यानं काय सांगितलं, हे कोणालाच कळत नाही. तिचं म्हणणं तिच्या नात्यातल्या पुरुषाच्या मर्जीवर सोडायचं का?

२०११ च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारी माणसं सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यांतल्या जवळजवळ २४ लाख स्त्रिया. यांतल्या बहुतेकींचे आईवडील ऐकणारे असतात आणि घरात खुणांची भाषा कोणालाच येत नाही. ‘ये, जेव, झोप’ एवढ्या खुणांवर पोर मोठी होते. तिला गोष्ट सांगायला कोणी नाही, तिच्या मनातलं विचारायला कोणी नाही. आणि दहावीनंतर तिच्या शिक्षणाआधी तिच्या लग्नाचा विचार सुरू होतो. वकील, नेमबाज, अधिकारी होऊ शकल्या असत्या अशा कितीजणी इथे थांबल्या असतील? माझा राग इथे आहे.

कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात न्यायालयात पोहोचण्याचा हक्क आहे, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक घडवण्याची जबाबदारी आहे, सरकारी नोकऱ्यांत कर्णबधिरांसाठी एक टक्का जागा आहेत. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. पैसा आणि अधिकार दोन्ही कागदावर हजर आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेनं आठवड्याचा एक वार ठरवावा. त्या दिवशी सांकेतिक भाषेचा दुभाषी कार्यालयात बसेल, मानधन त्याच पाच टक्क्यांतून. हा वार तालुक्या-तालुक्यांत कळवावा. शेजारी १९१५ साली सुरू झालेली सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था आहे. तिथे भारतीय सांकेतिक भाषेचा छोटा अभ्यासक्रम चालू करावा, शिकवायला कर्णबधिर शिक्षिकाच नेमावी. पुढचे दुभाषी तिथूनच मिळतील. याच शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. उद्या इथली एखादी कर्णबधिर मुलगी सनद घेऊन तिथे उभी राहिली, तर तिच्यासाठी दिल्लीहून दुभाषी मागवायची वेळ येऊ नये.

आणि घरातल्यांनी? ‘साइन लर्न’ हे सरकारी ॲप फुकट आहे, त्यात दहा हजार शब्दांच्या खुणा आहेत. रोज जेवणाआधी पाच खुणा शिका. आईनं शिकाव्यात, बापानंही शिकाव्यात. मुलीला डॉक्टर किंवा खेळाडू करण्याआधी तिच्याशी बोलता आलं पाहिजे.

औरंगपुऱ्यातल्या महात्मा फुले चौकात ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, त्यांना हार घातले जातात. येत्या ३ जानेवारीला तिथे एखाद्या कर्तबगार कर्णबधिर बाईचा सत्कार जरूर करा. टाळी हात उंच करून, पंजे हलवून द्या, तिला ती दिसेल. पण शाल-नारळ देऊन तिला खाली बसवू नका. दुभाषी उभा करा, तिला पाहुण्यांइतकाच वेळ द्या आणि ती जे मागेल ते त्याच मंचावर लिहून घ्या. तो कागद जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचवा आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करा.